बाबांनी ओढलेला बैल

लोक सुटीत काशी-रामेश्वर करतात, नाहीतर महाबळेश्वरला जाऊन घोड्यावर बसतात. मी डिसेंबरात वर्धा जिल्ह्यात गेले ती एक बैल जिथं ओढून नेला होता ती जागा पाहायला, आणि तो बैल मरून बावीस वर्षं झाली होती. शाळेतल्या सहकारी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यामागची गोष्ट आधी सांगते. माझे वडील मूळचे त्या जिल्ह्यातले शेतकरी. मी सहा वर्षांची असताना आम्ही गाव सोडून नाशिकला आलो. बाबा शिक्षक झाले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. जन्मभर खादी, रोज तासभर चरखा, जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्मृतिग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्यातलं बैलाचं प्रकरण माझ्या वाट्याला आलं.

ही बैलाची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की नेहमीच्या पाहुण्यांनाही ती पाठ होती. नागपूरला दीक्षा झाली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या गावचे महार, आता बौद्ध झालेले, म्हणाले की यापुढं मेलेली ढोरं आम्ही ओढणार नाही. त्याच वैशाखात आमचा ढवळ्या मेला. दोन दिवस गोठ्यात पडून राहिला. गावातलं कोणी हात लावेना. तेव्हा बाबांनी धोतर खोचलं, खांद्यावर दोर घेतला आणि स्वतः बैल ओढून नेला. बड्या कुणब्याच्या घरचा, मॅट्रिक झालेला, गाव ज्याला तेव्हापासूनच ‘मास्तर’ म्हणायचं असा माणूस! ‘काम कुठलंच हलकं नसतं,’ हे वाक्य आलं की गोष्ट संपायची. मीही तेव्हा बरोबर होते. ढवळ्याच्या गळ्यातली घुंगरमाळ वाजवत मी मागून चालले होते, एवढं मला लख्ख आठवतं. शाळेत प्रार्थना झाल्यावर मी ही गोष्ट किती वर्गांना सांगितली असेल, गणती नाही.

ग्रंथासाठी त्या जागेचा फोटो हवा होता. मी एक कॅमेरा उसना आणला. आई माझ्याकडेच राहते, तिला विचारलं, चलतेस का. ती तांदूळ निवडत होती. “मले काय ठेवलं हाय तिथं?” म्हणाली आणि पुन्हा खड्यांत बोटं घातली. बावीस वर्षं नाशिकला काढूनही आईनं आपली वऱ्हाडी बोली सोडलेली नाही, आणि एरवीही ती फार बोलत नाही.

वर्धा आणि पवनार

वर्ध्याला उतरून मी ऐटीत सायकलरिक्षावाल्याला म्हटलं, “सिंदीला घ्या.” आमचं गाव सिंदीहून पुढं आत आहे, एवढं मला ठाऊक होतं. भला माणूस रिक्षा हाणत निघाला आणि थोड्याच वेळात एका वस्तीत थांबून म्हणाला, “हे घ्या सिंदी.” मी म्हटलं, इथं रेल्वे स्टेशन कुठंय? तेव्हा उलगडा झाला. ही सिंदी मेघे, वर्ध्याला लागूनच. मला हवी होती ती सिंदी रेल्वे, नागपूरच्या वाटेवरची.

“रेल्वेवाली सिंदी पाह्यजे होती तं रेल्वेतून उतरल्या काऊन?” त्यानं विचारलं. तो हसला. मीही हसले, त्यानं परतीचे पैसे घेतले नाहीत, आणि नाशिकच्या टांगेवाल्यांची आठवण होऊन मला या मुलखाचं कौतुक वाटलं.

सिंदीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती, म्हणून दुपारी बसनं पवनारला जाऊन आले. धाम नदीचं पात्र खडकाळ आहे आणि पाणी खडकांमधून निवांत वाट काढत जातं. वरच्या आश्रमात बाया आपला स्वयंपाक, आपली झाडलोट, आपलं बागकाम आपण करत होत्या. शेणाची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईंना मी वाट विचारली, तर त्या चांगल्या कॉलेजात शिकवून आलेल्या निघाल्या. तरुणपणी बाबा इथं पायी यायचे, मुक्काम करायचे, इथूनच चरखा घेऊन गेले. मी नदीकाठी बसून डब्यातली पोळी खाल्ली आणि स्मृतिग्रंथाच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तिथंच जुळवलं. फार सुंदर वाक्य होतं. ते आता मी इथं लिहीत नाही.

गाव

गावाचंही नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात.

सिंदीला माझे चुलतभाऊ वामनदादा बैलबंडी घेऊन आले होते. बाजारात कापसाच्या बंड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. आम्ही त्यांच्या उलट दिशेनं निघालो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची वावरं, त्यात वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, मध्ये शेंगांवर आलेली तूर. नाशिककडचे द्राक्षमळे बघून सरावलेल्या डोळ्यांना ही काळी, सपाट, कुठंच न संपणारी जमीन पाहून पहिल्यांदा भीती वाटते आणि मग फार बरं वाटतं. बंडीचे हिसके मात्र अजून माझ्या कमरेला आठवतात.

शांतावहिनी दारातच तांब्या घेऊन उभ्या. “या नलूबाई! मी आत्ता भात टाकतो,” म्हणाल्या. इकडं बायाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. मराठी शिकवणाऱ्या बाईला पहिले दोन तास चुटपुट लागते, मग कानाला गोड वाटू लागतं. भात म्हणजे सोलेभात, तुरीचे ओले दाणे घातलेला, वर तेलाची मोहरी-लसणाची फोडणी, बाजूला जवसाची चटणी. आमच्या बाजरीच्या मुलखात जवस औषधाला मिळत नाही. मी दोनदा भात घेतला आणि वहिनींनी तिसऱ्यांदा न विचारता वाढला.

जेवताना मी कामाचं बोलले. “दादा, बाबांनी बैल कुठं ओढून नेला ती जागा दाखवा.”

वामनदादांचा घास हातातच राहिला. “आता कायले पाह्यतं ते? काय ठेवलं हाय तिथं?”

आईचंच वाक्य होतं. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं.

“फोटो हवाय. पुस्तकात.”

ते वहिनींकडं पाहत म्हणाले, “नाल्याकडं नेलता.”

नाला

सकाळी वहिनी मला नाल्यावर घेऊन गेल्या. वाटेत गावाच्या पश्चिमेला एक उघडा माळ लागला, तिथं वर घारी फिरत होत्या. “इथं ढोरं टाकतेत,” वहिनी नाक पदरानं झाकून म्हणाल्या. “पहिलेपासून इथंच.” आणि त्या उलट बाजूला, पूर्वेला वळल्या.

मी शिक्षिका आहे, चुकीची बेरीज मला लगेच दिसते. “वहिनी, ढोरं टाकायची जागा इकडं, मग बाबा बैल तिकडं का घेऊन गेले?”

“मले काई मालूम नाई बाई. मी त्याच्यामागून लग्न होऊन आलो,” वहिनी म्हणाल्या आणि भराभर चालू लागल्या. नाला दाखवून, घरी चूल पेटती ठेवलीय असं सांगून त्या परतल्या.

नाल्याला घोटाभर पाणी होतं. वाळूत एक खड्डा उकरून कडेनं दगड रचलेले. याला झिरा म्हणतात. वाळूतून गाळून आलेलं पाणी त्यात साठतं. पलीकडच्या काठावर दहा-पंधरा घरं, एका घरावर निळा झेंडा. एक साठीची बाई झिऱ्याशी बसून पाण्याचा पितळी गुंड घासत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

“कायचा फोटो काढून राह्यली बाई?” तिनं विचारलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना अजून माझे कान तापतात. मी त्या बाईला ती गोष्ट सांगितली. सगळी, वर्गात सांगते तशी, हातवारे करून. तिच्या शेजारी दगडावर बसले आणि सांगितलं की माझे वडील या गावचे, त्यांनी मेलेला बैल आपल्या खांद्यावर दोर घेऊन ओढला, इथंच आणला, म्हणजे पाहा मावशी, तुमच्या समाजावरचं एक जुनं ओझं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. असं म्हणाले मी. ‘काम कुठलंच हलकं नसतं,’ हेही म्हणाले.

गुंड घासून झाला, धुऊन झाला. मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

“मंग तू नं ती? घुंगराची माळ वाजवत मागं मागं आलती?”

मला इतका आनंद झाला की काय सांगू! “हो! मीच ती! तुम्ही पाहिलंत?”

“पाह्यलं नं. इथंच उभी होतो मी. बैल ओढला हे खरं हाय तुहं. पुढचं नाई सांगितलं तुले कोणी?”

तिचं नाव मैनाबाई. तिनं जे सांगितलं ते मी तिच्या शब्दांत जमेल तसं देते, कारण माझ्या शब्दांवर त्या दिवसापासून माझा भरवसा नाही.

“आमच्या लोकाइनं ढोरं ओढनं सोडलं, तं गावानं आमचं पानी बंद केलं. विहिरीवर येऊ देत नोते. मजुरी नाई, दळन नाई. हा झिरा तेवढा होता. भर उन्हाळ्यात एवढसंक पानी, रातभर पाझरे तवा सकाळी दोन गुंड भरे. अन् तुह्या बापानं तो बैल आनला अन् वरच्या अंगाले, हे पाह्य, इथं, नाल्यात आनून टाकला. झिऱ्याच्या चार हात वर. दोर सोडला, हात झाडले अन् म्हने, ‘तुमचा माल तुमच्या दारी.’ तू माळ वाजवून राह्यलती.”

मी काहीतरी बोलले असेन. बहुतेक ‘शक्य नाही’ असं म्हणाले.

“शक्य काऊन नाई? त्याले कोनाले मारायचं नोतं, मीबी म्हनतो. त्याले पायजे होतं का आमी तो बैल उचलावा. पानी पायजे तं बैल ओढा. एक डाव ओढला का मोडली मंग आमची शपथ. आमच्या पंचाइनं सांगितलं, हात नाई लावाचा. दोन कोसावरून पानी आनू. मोठी मानसं आनत. पन लेकरं आयकतेत का, बाई? वैशाखातली तहान. माहा पोरगा चार वर्षांचा होता, अशोक. तो झिऱ्याचं पेला. दोन दिवसांत हगवणीनं गेला. मंग पोरीले हगवण लागली.”

नाल्यापलीकडं कुणाची तरी बकरी ओरडत होती. मला एवढंच सुचत होतं की हे खोटं असावं, ही बाई दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असावी. बाबा मुंगी दिसली की पाय बाजूला ठेवत. मी विचारलं, “मग बैल कोणी काढला?”

“कोनीच नाई. मिरगाच्या पुरात गेला.”

मग मैनाबाई माझ्याजवळ सरकून बसली आणि पहिल्यांदा तिचा आवाज बदलला. “तू आता आलीच हाय तं एक सांग मले. लय वर्षं झाली, कोनाले इचारू? तुही माय हाय का जिती?”

“आहे.”

“तिले इचारजो. पोरीले लागली तवा मी माह्या मालकाले म्हटलं, जा, त्या मास्तरच्या पाया पड. म्हना बंडी दे, सिंदीच्या दवाखान्यात नेतो. तो जाऊ नाई पाहे. मी शिव्या देल्ल्या तवा पोरीले घेऊन गेला. वापस आला अन् म्हने, घरी नाई म्हनले. मी म्हटलं, खोटं! तो मानूस या टायमाले रोज घरीच रायते, चरखा फिरवते, अख्ख्या गावाले मालूम हाय. तू गेलाच नाई. बाभळीखाली बसून वापस आला, भेकड्या. पोरगी संध्याकाळी गेली. मंग मालक पंधरा वर्षं जगला. जवा जवा भांडन झालं तवा मी त्याले हेच म्हटलं. मरासाठी पडला होता तवाबी तो म्हने, मैने, मी गेलतो. मी तोंड फिरवलं.” तिनं माझं मनगट धरलं. “तो गेलता का नाई, तेवढं इचार. मले बाकी काई नाई पायजे तुमच्यापासून.”

मी पुढं फोटो काढले नाहीत. काढलेला एक होता, तो तेवढा त्या रिळात राहिला.

घरी आले तर वहिनींनी पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला होता, खास माझ्यासाठी. वामनदादांना मी उभ्या उभ्या विचारलं. ते सुपारी कातरू लागले.

“त्या टायमाले पोट्टे तं सगळ्याइचेच मरत होते, नलू. कोनाचा कायनं मेला, कोन सांगनार?”

“झिऱ्यावर बैल बाबांनी टाकला का?”

“टाकला. मंग? गावाची इज्जत होती. माहा बापबी होता मागून रेटाले.” मग जरा नरमाईनं म्हणाले, “काका चांगला मानूस होता. ते एक झालं त्याच्या हातून. त्याच आषाढात वावर सोडून गेला नं तो? उगीच गेला का?”

म्हणजे गावाला माहीत होतं. घराला माहीत होतं. आम्ही नाशिकला का आलो तेही सगळ्यांना माहीत होतं. एक मीच इतकी वर्षं शाळेच्या मैदानावर उभी राहून ती गोष्ट सांगत होते, आणि एवढी मराठीची बाई मी, बैल ओढला म्हणजे कुठं ओढला, हा दुसरीतल्या पोरानं विचारावा असा प्रश्न मला पडला नव्हता. त्या दिवशी मी जेवले नाही. वहिनींना वाटलं रस्सा तिखट झाला.

नाशिक

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. मी खिडकीशी बसून होते आणि मला बाबांचा राग येत होता, मग लाज वाटत होती, मग पुन्हा राग येत होता.

घरी आल्यावर दोन दिवस मी आईला टाळलं. तिसऱ्या दिवशी ती दुपारी वाती वळत बसली होती. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, “आई, मैनाबाईचा नवरा आपल्या दारी आला होता का?”

आईची बोटं थांबली नाहीत. मग ती म्हणाली, “आलता.”

“बाबा होते घरात?”

“मागच्या खोलीत होते. चरखा फिरवून राह्यलते. मले म्हनले, सांग घरी नाई. मी दारात गेलो अन् सांगितलं.” तिनं एक वात बाजूला ठेवली. “चरख्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. त्यालेबी येत होता. तो माह्याकडं पाहे अन् मी त्याच्याकडं पाहो. मंग म्हने, बरं. अन् गेला.”

“आणि बाबा?”

“त्या दिवशी जेवले नाई. दुसऱ्या दिवशी जेवले.”

मी ओरडले. आईवर मी जन्मात कधी ओरडले नव्हते. इतकी वर्षं तुझ्यासमोर ती गोष्ट बाबा सांगत होते, मी सांगत होते, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तू गप्प बसलीस? मला एकदा तरी सांगायचंस!

“तू इचारलं कधी?” आई म्हणाली. मग वाती गोळा करत, “अन् सांगतो कोनाले? दारात तं मी उभी होतो.”

ग्रंथाच्या समितीला मी कळवलं की हे प्रकरण असं लिहिता येणार नाही आणि का ते लिहिलं. समितीतले एक गृहस्थ घरी आले. बाबांचे लाडके विद्यार्थी, सज्जन माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “ताई, गुरुजींनी बैल ओढला हे तर खरंच आहे ना? मग तेवढंच ठेवू. पुढचं नको.” मी म्हटलं, आमच्या घरानं आजवर तेच केलंय. ते चहा न घेता गेले. प्रकरण दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंय असं ऐकते.

मैनाबाईला पत्र पाठवायला मी कार्ड काढलं. तिला वाचता येत नाही, कुणीतरी तिच्यासमोर मोठ्यानं वाचणार. काय लिहू, कसं लिहू, या विचारात चार कार्डं फाडली. आई बघत होती.

“चिठ्ठी नको धाडू,” ती म्हणाली. “मी येतो.”

पुन्हा सिंदी, फेब्रुवारी १९८०

आईला घेऊन जाणं म्हणजे सोपं काम नव्हतं. गुडघे दुखतात, बाहेरचं खात नाही. वर्ध्याच्या फलाटावर तिनं घरून आणलेल्या दशम्या सोडल्या आणि एकही खाल्ली नाही. सिंदीला वामनदादांना कळवलं नव्हतं. आम्ही एक बंडी भाड्यानं केली. पऱ्हाटी उपटून झाली होती, वावरांत तुराट्या तेवढ्या उभ्या होत्या. आई वाटभर एक शब्द बोलली नाही. गाव दिसायला लागल्यावर मात्र गाडीवानाला म्हणाली, “आमच्या घरावरून नको नेऊ. नाल्याच्या अंगानं ने.”

बौद्धांच्या वस्तीत बंडी थांबली तेव्हा दोन-चार बाया दाराशी आल्या. मैनाबाई अंगणात वाळवलेल्या मिरच्या निवडत होती. तिनं आईला ओळखलं. उठली नाही. बसा म्हणाली नाही. आतल्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका माणसाचा जत्रेत काढतात तसा फोटो होता, टोपी घातलेला, डोळे विस्फारलेले.

आईनं पदर नीट केला. उभ्यानंच बोलली. “मैना, तुहा मालक आलता.”

मैनाबाईनं हातातली मिरची सुपात ठेवली. “कवा?”

“दुपारच्याले. मी दारात होतो. पोरगी खांद्यावर होती. म्हने, मास्तर आहेत का, बंडी पायजे, सिंदीले नेतो. मी म्हटलं घरी नाई. होते घरात. मी खोटं बोललो.”

“पोरगी कायमंधी गुंडाळली होती?”

मला आधी कळलंच नाही ती हे का विचारतेय. आईला कळलं.

“लुगड्यात. हिरवं, चौकड्याचं. एका कोपऱ्याले ठिगळ होतं, लाल.”

“माहंच लुगडं ते,” मैनाबाई म्हणाली. तिनं डोळे मिटले. “अन् तो काय म्हने मंग?”

“बरं म्हने. अन् उभा राह्यला थोडा वेळ. मंग गेला.”

आई रडत होती. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. ती खाली बसली, मैनाबाईच्या पायांकडं तिनं हात नेला. मैनाबाईनं पाय मागं घेतले. रागानं नाही. अंगणात कुणी वाटेत बसलं की आपण बाजूला होतो, तेवढ्याच सहज. तिचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. मी मनात काय काय जुळवून आणलं होतं, बाबांच्या वतीनं क्षमा मागायची, आता कुणासमोर ती गोष्ट सांगणार नाही असं म्हणायचं, तुमच्या लेकरांची नावं मी लिहीन असं म्हणायचं. यातलं काही मला बोलता आलं नाही आणि तिला ते ऐकायचंही नव्हतं.

ती उठली. आत गेली, भिंतीवरचा तो फोटो खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला आणि मांडीवर घेऊन चुलीजवळ बसली. उघड्या दारातून आम्हाला सगळं दिसत होतं.

“आता जा तुमी,” ती आमच्याकडं न पाहता म्हणाली. “मले त्याच्यासंग बोलायचं हाय.”